पालथं पडून ऐकलेली गाणी

उजव्या डोळ्याचा पडदा सुटला. तो परत बसवल्यावर डॉक्टरांनी सांगितलं, दहा दिवस पालथं पडून राहायचं. अशा ऑपरेशनमध्ये डोळ्यात वायूचा एक बुडबुडा सोडतात. बुडबुडा नेहमी वर जातो. मान खाली घातली की डोळ्याची मागची बाजू वर येते आणि बुडबुडा तिथल्या पडद्याला दाबून धरतो, म्हणून तासातली पन्नास मिनिटं तोंड जमिनीकडे. झोपायचं तेही पालथंच. २०१९चा मार्च होता.

मी मुद्रितशोधन करते. तेव्हा त्याला सव्वीस वर्षं झाली होती. पुस्तक छापायला जाण्याआधी त्याचा शेवटचा वाचक मी. ऱ्हस्वाचं दीर्घ झालेलं, अनुस्वार उडालेला, ओळीच्या शेवटी शब्द नको तिथे तुटलेला, एका पानावर पात्राचं नाव वसंत तर पुढच्या पानावर वसंता. हे सगळं हुडकायचं आणि कोणाला कळू न देता पुसून टाकायचं. काम उत्तम झालं याची खूण एकच, वाचणाऱ्याला माझी आठवणही होत नाही. डोळा हेच माझं अवजार, आणि तेच काढून घेतल्यावर पहिले दोन दिवस मी जुनी प्रुफं मनातल्या मनात वाचत पडले होते.

तिसऱ्या दिवशी भाची आली. ती तेव्हा वीस वर्षांची होती, गिटार वाजवायची, आणि तिच्या खोलीच्या दारातून जो आवाज बाहेर यायचा त्याला मी इतकी वर्षं गोंगाट समजत आले होते. तिने माझ्या कानात इअरफोन घातले, फोन हातात दिला, आणि पुढे जायचं, मागे यायचं, थांबवायचं ही बटणं न बघता कशी दाबायची ते बोट धरून शिकवलं.

"मावशी, तुला रेडिओ आवडायचा ना? तसंच आहे. फक्त वेळ तू ठरवायचीस."

तिने बातम्या भरल्या होत्या, गोष्टी भरल्या होत्या, एक इतिहासाचं काहीतरी होतं. आणि यादीच्या तळाशी तिचे स्वतःचे तीन-चार पॉडकास्ट होते. "हे माझे. नाही आवडले तर सोडून दे." मी तळापासूनच सुरुवात केली. तिला बरं वाटावं एवढाच हेतू होता.

पहिला एपिसोड लागला तो 'साँग एक्स्प्लोडर'चा, आणि तोही अगदी त्यांचा पहिलाच, २०१४च्या जानेवारीतला. हृषिकेश हिरवे नावाचा एक संगीतकार हा पॉडकास्ट करतो. पद्धत अशी की एक गाणं घ्यायचं, ते ज्याने केलं त्याला बोलतं करायचं, आणि गाण्याचे थर सुटे करून एकेक ऐकवायचे. आधी नुसता ठेका. मग नुसता बेस, म्हणजे खालच्या सुरांची गिटार. मग नुसता गळा, श्वासासकट. हिरवे स्वतःचे प्रश्न कापून टाकतो, त्यामुळे एपिसोडभर संगीतकारच बोलत राहतो, जणू आपल्याशीच. आणि सगळ्यात शेवटी अख्खं गाणं, सलग.

मला ते ताबडतोब ओळखीचं वाटलं. रंगीत छपाईत चित्राच्या चार प्लेटा करतात. निळसर, गुलाबीसर, पिवळी, काळी. सुट्या प्लेटेचा ठसा बघितला तर त्यात चेहरा नसतो, नुसते डाग असतात. चारही एकावर एक नेमक्या बसल्या की त्यातून माणूस बघू लागतो. केसभर सरकल्या तर तो भुतासारखा दिसतो. इथे तेच चाललं होतं, कानाला. सरतेशेवटी जेव्हा पूर्ण गाणं लागलं तेव्हा ज्याला मी आयुष्यभर एक ढीग समजत होते, त्यातला प्रत्येक आवाज मला नावानिशी ओळखू येत होता. हा मघाचा ठेका. हा तो दुसऱ्या कडव्यात हळूच आत येणारा.

ते गाणं 'द पोस्टल सर्व्हिस' या जोडगोळीचं होतं. जिमी टॅम्बोरेलो लॉस एंजेलिसमध्ये वाद्यांचे ट्रॅक बनवायचा आणि टपालाने सिअॅटलला बेन गिबर्डकडे पाठवायचा. गिबर्ड त्यावर शब्द आणि चाल चढवून परत पाठवायचा. म्हणून हे नाव. २००३मध्ये त्यांचा अल्बम 'सब पॉप' या सिअॅटलच्या स्वतंत्र कंपनीने काढला, आणि त्याच वर्षी अमेरिकेच्या खऱ्याखुऱ्या टपाल खात्याने नाव वापरू नका म्हणून पत्र धाडलं. पुढे समझोता झाला, नाव राहिलं. माझंही निम्मं आयुष्य पाकिटातून प्रुफं धाडण्यात आणि खुणांसकट परत घेण्यात गेलेलं. दोन माणसं एकमेकांना न भेटता एकाच कागदावर काम करतात तेव्हा त्या कागदाला एक वेगळा सूर येतो, हे मला माहीत होतं. गाण्यालाही येत असेल हे नव्हतं माहीत.

दिवसातून पाच-सहा एपिसोड व्हायला लागले.

पण ज्याने मला खरं धरलं तो दुसराच. जोसेफ फिंक हा लेखक आणि 'द माउंटन गोट्स' या बँडचा जॉन डार्नील यांनी २०१७मध्ये एक पॉडकास्ट सुरू केला. त्याच्या पहिल्या पर्वात त्यांनी बँडचा २००२चा एकच अल्बम घेतला, 'ऑल हेल वेस्ट टेक्सस', आणि एकेका एपिसोडला एकेक गाणं अशी चौदा गाणी. फिंक या गाण्यांचा जुना चाहता, आणि समोर ती लिहिणारा माणूस. हा विचारतोय, तो आठवून सांगतोय, मध्येच दोघं धर्मावर, झोपेवर, लिहिण्याच्या भीतीवर घसरतायत. प्रत्येक एपिसोडच्या शेवटी तेच गाणं दुसरा कोणीतरी कलाकार आपल्या पद्धतीने गातो.

हा अल्बम डार्नीलने स्टुडिओत केला नाही. घरगुती पॅनासोनिकच्या कॅसेट रेकॉर्डरपुढे बसून, त्यातल्याच माइकवर, गिटार वाजवत गायला. त्या यंत्राचा माइक आणि कॅसेट फिरवणारी मोटर जवळजवळ असल्यामुळे प्रत्येक गाण्याखाली एक घरघर रेकॉर्ड झालीये. दळण चालू असल्यासारखी. गाणं सुरू व्हायच्या आधी ती सुरू होते आणि शेवटची तार थांबल्यावरही क्षणभर चालूच राहते.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझा हात नकळत उशीखाली पेन शोधायला गेला. हे कोणी काढलं कसं नाही? सव्वीस वर्षांची सवय. मग पुढच्या एपिसोडला, मग त्याच्या पुढच्या, मी ती घरघर येण्याची वाट बघायला लागले. ती आली की खोली दिसायची. टेबलावर यंत्र, समोर वाकून बसलेला माणूस, आत्ताच लिहिलेलं गाणं विसरायच्या आत पकडून ठेवायची घाई. आवाज स्वच्छ असता तर फक्त गाणं ऐकू आलं असतं. घरघरीमुळे गाणं होतानाचा तो दिवस ऐकू येत होता.

आपल्या भाषेत रेकॉर्डिंगला ध्वनिमुद्रण म्हणतात. त्यात माझं मुद्रण आहे, हे इतक्या वर्षांत माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

प्रुफं वाचायला शिकवताना मला एका ज्येष्ठ शोधकांनी एक खूण दाखवली होती. आपण घाईत एखादा शब्द खोडतो आणि मग लक्षात येतं, अरे, हा बरोबर होता. तेव्हा खोडलेल्या शब्दाखाली ओळीने टिंबं द्यायची आणि समासात लिहायचं, 'राहू द्या'. अक्षरं जुळवणारा जुळारी ते बघून शब्द तसाच ठेवतो. या खुणेची सगळ्यात कमी वेळा गरज पडते आणि ती वापरायला सगळ्यात जास्त अक्कल लागते, असं ते म्हणायचे. डार्नीलच्या त्या चौदा गाण्यांखाली मला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत टिंबं दिलेली ऐकू येत होती.

मग मी हे सगळं मुळापासून शोधायला लागले. शोधणं म्हणजे भाचीला फोन करून विचारणं. "हे सुरू कुठून झालं?" ती म्हणाली, वाद आहे. पण तिने मला पंक या बंडखोर रॉक संगीतावर आणि त्यानंतरच्या काळावर बोलणारे काही एपिसोड पाठवले, आणि तिथे मला 'बझकॉक्स' भेटले.

मँचेस्टरच्या या पोरांनी १९७६च्या २८ डिसेंबरला एका दिवसात चार गाणी रेकॉर्ड केली. मार्टिन हॅनेट ध्वनिमुद्रणाला होता. कोणत्याही कंपनीकडे न जाता, घरच्यांकडून आणि मित्रांकडून ५०० पौंड उसने घेऊन, त्यांनी स्वतःचंच लेबल, म्हणजे तबकड्या काढणारी छोटी कंपनी, काढलं आणि १९७७च्या जानेवारीत 'स्पायरल स्क्रॅच' नावाची तबकडी बाजारात आणली. पहिल्या खेपेला १००० प्रती होत्या. पुढे त्या १६०००वर गेल्या. पण मला थांबवलं ते वेगळ्याच गोष्टीने. या तबकडीच्या वेष्टनावर त्यांनी छापलं होतं की अमुक गाणं कितव्या टेकचं आहे आणि त्यावर नंतर किती आवाज चढवलेत. हे तिसऱ्या वेळी जमलं, वर काहीही चढवलेलं नाही. हे पहिल्याच वेळी.

हे म्हणजे पुस्तकाच्या मुखपृष्ठावर लिहायचं की हे कितवं प्रूफ आहे आणि कोणी काय दुरुस्त केलं. मी कल्पनाही केली नव्हती. आमच्या धंद्यात हे आतलं असतं, लपवायचं असतं. त्यांनी ते छातीवर लावलं, कारण त्यांना ऐकणाऱ्याला सांगायचं होतं की यात जादू नाही, हे असं होतं, तुम्हीही करा. आणि लोकांनी केलं. पुढच्या दोन-तीन वर्षांत ब्रिटनभर छोटी छोटी लेबलं निघाली. काहींनी तर वेष्टनावर खर्चाचा हिशेबच छापला. स्टुडिओचे इतके, तबकडी दाबायचे इतके, तिच्यावरच्या कागदी लेबलाच्या छपाईचे इतके.

तेव्हाच मला 'इंडी', म्हणजे इंडिपेंडंट, या शब्दाचा अर्थ कळला. मी समजत होते तो एक संगीताचा प्रकार आहे, जरा हळवा, जरा विस्कळीत. पण ब्रिटनमध्ये १९८०च्या जानेवारीत स्वतंत्र तबकड्यांची वेगळी खपयादी सुरू झाली तेव्हा तिच्यात बसायची अट आवाजाबद्दल नव्हतीच. ती वितरणाबद्दल होती. तबकडी मोठ्या कंपन्यांच्या जाळ्याबाहेरून दुकानात पोचली पाहिजे, एवढंच. गाणं कसंही असो. म्हणजे हा शब्द मुळात गोदामाचा आणि वाहतुकीचा शब्द आहे. छपाईच्या जगात वावरल्यामुळे मला हे फार पटलं. पुस्तकाचं स्वातंत्र्यही लेखकाच्या टेबलावर ठरत नाही, ते ठरतं गठ्ठे कोण उचलतं यावर.

न्यूझीलंडमधलं 'फ्लाइंग नन' हे लेबल याच सुमाराचं, १९८१चं, क्राइस्टचर्चमधलं. 'द क्लीन' या बँडचं त्यांनी काढलेलं पहिलं गाणं अवघ्या ५० डॉलरांत रेकॉर्ड झालं आणि देशाच्या खपयादीत १९व्या क्रमांकापर्यंत चढलं. ऑर्गन वाजवायला शेजारच्याच बँडचा मार्टिन फिलिप्स बसला होता. हे एका पॉडकास्टवर ऐकताना निवेदकाने तो ऑर्गनचा तुकडा दोनदा वाजवला. पालथी पडलेली मी, जमिनीवर टेकलेल्या पायाच्या अंगठ्याने ठेका धरत होते.

दहा दिवस संपले. पण बुडबुडा विरघळायला आणखी बरेच आठवडे गेले, आणि तोवर वाचन बंदच होतं. उजव्या डोळ्यात खाली एक काळी रेघ डुलायची, पाण्याच्या पातळीसारखी. मी ऐकत राहिले.

एक प्रश्न मात्र मला सुरुवातीपासून टोचत होता. पॉडकास्टवर गाणी अर्धवट का वाजवतात? वीस सेकंद, तीस सेकंद, आणि लगेच बोलणं सुरू. आणि ज्यांची पूर्ण वाजतात ते बँड बहुतेक वेळा लहानच का असतात? भाचीने सांगितलं ते मला फारच महत्त्वाचं वाटतं.

रेडिओवर गाणं वाजतं आणि हवेत विरतं. त्यासाठी केंद्रं एकगठ्ठा परवाने घेतात. पॉडकास्ट ही मात्र फाइल आहे. ती ऐकणाऱ्याच्या यंत्रात उतरते, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने गाण्याची एक प्रत त्याच्या हाती पडते. मग गाणं लिहिणाऱ्याचा हक्क वेगळा, त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा, आणि दोन्हींची परवानगी वेगवेगळी मागायला लागते. मोठ्या कंपनीकडे एवढ्याशा पॉडकास्टने अर्ज केला तर उत्तर यायला महिने जायचे, आलं तर. पण ज्या बँडचं गाणंही स्वतःचं, ध्वनिमुद्रणही स्वतःचं आणि लेबलही स्वतःचं, तो एका पत्राला 'वाजवा' म्हणून मोकळा. २००५च्या सुमारास यासाठी 'पॉडसेफ' असा शब्दच निघाला होता, पॉडकास्टवर बिनधास्त वाजवता येईल असं संगीत. पॉडकास्टच्या अगदी सुरुवातीच्या मंडळींतल्या अॅडम करीच्या कंपनीने अशा गाण्यांचा एक साठाच त्या वर्षी उघडला.

म्हणजे स्वतंत्र रॉक पॉडकास्टवर आलं ते निव्वळ कोणाच्या आवडीमुळे नाही. मोठं संगीत कुलपात होतं, म्हणून दार छोट्यांना उघडं मिळालं. आणि ज्यांना पूर्ण गाणं वाजवता येत नव्हतं त्यांना बोलावं लागलं. गाण्यात काय आहे हे शब्दांत सांगावं लागलं. मला तर वाटतं, या अडचणीतूनच गाण्याबद्दल बोलायची एक नवी तऱ्हा आली, आणि ती नसती तर माझ्यासारखी बाई या संगीतापर्यंत कधी पोचलीच नसती. मला कोणीतरी आधी ऐकलेलं असायला हवं होतं. त्याने हात धरून म्हणायला हवं होतं, थांबा, आता डाव्या कानात काय येतं ते ऐका.

असं हात धरणारे लोक आधीही होते. जॉन पील हे त्यांतलं सगळ्यात मोठं नाव. १९६७मध्ये बीबीसीचं 'रेडिओ वन' सुरू झालं तेव्हापासून २००४पर्यंत ते तिथे होते. कोणीही न ऐकलेल्या बँडच्या तबकड्या वाजवायच्या, त्यांना स्टुडिओत बोलावून ध्वनिमुद्रण करायचं, हे त्यांनी जन्मभर केलं. १९७८मध्ये 'द अंडरटोन्स'चं एक गाणं त्यांना इतकं आवडलं की त्यांनी ते लागोपाठ दोनदा वाजवलं. ती तबकडीही बेलफास्टच्या एका चिमुकल्या लेबलची. कधीकधी त्यांच्याकडून तबकडी चुकीच्या वेगाने लागायची. ते तसं सांगायचे आणि परत लावायचे. पॉडकास्ट हा शब्द छापील रूपात पहिल्यांदा आला २००४च्या फेब्रुवारीत, 'गार्डियन'मध्ये बेन हॅमर्सलीने लिहिलेल्या लेखात. पील गेले त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात.

आणि अमेरिकेत बॉब बॉयलन. ते सार्वजनिक रेडिओवरच्या एका बातम्यांच्या कार्यक्रमाचे दिग्दर्शक होते. दोन बातम्यांच्या मध्ये काही सेकंद संगीत वाजतं ना, ते तुकडे निवडायचं काम त्यांचं. लोक पत्रं पाठवून विचारायचे, परवा अमुक बातमीनंतर जे वाजलं ते काय होतं? त्या विचारणांमधून २०००मध्ये 'ऑल साँग्ज कन्सिडर्ड' हा इंटरनेटवरचा कार्यक्रम निघाला आणि पुढे त्याचा पॉडकास्ट झाला. बातम्यांच्या फटीतून आलेलं संगीत! मला ही हकिगत फार आवडते. समासात कोणीतरी बारीक अक्षरात लिहिलेलं वाचून लोकांनी मूळ मजकूर सोडून त्याचीच चौकशी करावी, तसं हे. त्यांच्याच कचेरीतल्या टेबलाशी होणाऱ्या छोट्या मैफली आता जगभर बघतात, त्याही अशाच सुरू झाल्या. २००८मध्ये ऑस्टिनच्या एका गजबजलेल्या बारमध्ये लॉरा गिब्सन गात होती आणि गर्दीच्या आवाजात ती ऐकूच येईना. बॉयलन यांच्याबरोबरचा सहकारी गमतीत म्हणाला, आमच्या टेबलाशी येऊन गा. ती खरंच गेली.

सगळेच पॉडकास्ट असे नाहीत, हेही सांगायला हवं. पुष्कळ ठिकाणी दोन-तीन मित्र एकमेकांच्याच बोलण्यावर हसत बसतात आणि गाण्याला हात लागेपर्यंत अर्धा तास जातो. काही निवेदक प्रत्येक बँडची तुलना आणखी चार बँडशी करतात, आणि ते चार माहीत नसले तर आपल्या पदरी काहीच पडत नाही. असे मी निर्दयपणे सोडले. ज्याला खरंच काही ऐकू आलंय तो माणूस थोडक्यात बोलतो आणि मग गप्प बसतो. पॉडकास्ट चांगला की वाईट हे मी त्या गप्प बसण्यावरून ओळखते.

तसंच, राखलेली प्रत्येक चूक मला पटली असंही नाही. यावर भाचीशी माझं कडाक्याचं भांडण झालंय. 'गाइडेड बाय व्हॉइसेस' हा ओहायोमधल्या डेटनचा बँड. त्याचा रॉबर्ट पोलार्ड शाळामास्तर होता, आणि गाणी ही मंडळी तळघरात, गॅरेजमध्ये चार ट्रॅकच्या यंत्रावर रेकॉर्ड करायची. १९९४च्या त्यांच्या 'बी थाउजंड' अल्बमच्या पहिल्याच गाण्यात मध्येच गिटार गायब होते आणि परत येते. पहिल्यांदा मला वाटलं फोन बिघडला. ती गिटार तशीच सोडली याबद्दल मी त्यांच्या पाया पडायला तयार आहे. कारण गाणं तिच्याशिवाय दोन पावलं एकट्याने चालतं, आणि पडत नाही, आणि आपल्याला कळतं की ते कशावर उभं आहे. पण भाचीने मला असेही बँड ऐकवले की जिथे गोंगाट म्हणजे पांघरूण होतं. खाली शब्द नीट लिहिलेले नव्हते, चाल कुठे जायचं ते ठरलेलं नव्हतं, आणि वर घातली होती खरखर. माझ्या टेबलावर अशी पुस्तकंही येतात. चूक करून ती ऐकणारा, तिच्यापाशी थांबणारा आणि मग ठरवून राखणारा माणूस वेगळा. न ऐकताच पुढे जाणारा वेगळा. दोघांचं प्रूफ दिसायला सारखंच दिसतं, म्हणून तर टिंबं द्यायची असतात.

"पण तुला कसं कळतं कोणी ठरवून ठेवलंय?" भाचीने विचारलं.

त्यासाठीच तर त्यांचं बोलणं ऐकावं लागतं. ते बँडवाले पॉडकास्टवर येऊन सांगतात, हा श्वास आम्ही काढून बघितला होता, गाणं मेलं, परत घातला. गाण्याच्या यादीत हे कुठेच लिहिलेलं नसतं. गाणी सुचवणारी जी यंत्रं आहेत, दर सोमवारी तीस नवी गाणी पुढे करणारी, त्यांनाही हे ठाऊक नसतं. ती बघतात की तुमच्यासारख्या इतरांनी काय ऐकलं. जे अजून कोणीच ऐकलं नाही त्याच्याबद्दल त्यांच्यापाशी बोलण्यासारखं काही नसतं. २०२४पासून तर स्पॉटिफायवर जे गाणं वर्षभरात १००० वेळा ऐकलं गेलं नाही त्याला ध्वनिमुद्रणाचा मोबदलाच मिळत नाही. १०००. बझकॉक्सनी पहिल्या खेपेला नेमक्या तेवढ्याच प्रती छापल्या होत्या, आणि त्यातून पुढची चाळीस-पन्नास वर्षं निघाली.

जूनमध्ये मी परत कामाला लागले. पहिलं प्रूफ आलं ते एका म्हाताऱ्या लेखकाच्या आठवणींचं होतं. त्यात एक वाक्य होतं, कर्ता एकीकडे, क्रियापद दुसरीकडे, मध्ये श्वास लागल्यासारखा तुटलेला भाग. मी ते सरळ केलं. दुसऱ्या डोळ्यावर भार देत पुन्हा वाचलं. परिच्छेद वडिलांच्या मृत्यूचा होता. मग मी माझ्याच खुणेखाली टिंबं दिली. लेखकाचा नंतर फोन आला होता, दुसऱ्याच कसल्यातरी कामासाठी. त्या वाक्याबद्दल आम्ही दोघंही बोललो नाही.

पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये सगळं जग दारं लावून बसलेलं होतं. भाची तिच्या घरी, मी माझ्या. एका रात्री तिचा निरोप आला. "मावशी, ते यंत्र परत आलंय." बँडला एकत्र जमता येत नव्हतं, वादकांची मिळकत थांबली होती, म्हणून डार्नीलने तो जुना पॅनासोनिक बाहेर काढून दहा दिवसांत एकट्याने एक अख्खा अल्बम रेकॉर्ड केला होता.

मी दिवा मालवला. डोळा केव्हाच बरा झालेला होता, तरी जमिनीवर चादर अंथरली, हाताची घडी घालून तिच्यावर कपाळ टेकवलं आणि बटण न बघता दाबलं. गाणं लगेच आलं नाही. आधी घरघर आली.